सत्तावीस वर्षांची घोडी गेली, आता पुढे काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दादरला राहणाऱ्या एका बाईंची २७ वर्षांची घोडी तीन आठवड्यांपूर्वी पोटशुळाने गेली. रेसमधून बाहेर पडल्यावर आठव्या वर्षी ती त्यांच्याकडे आली, म्हणजे १९ वर्षांचा सहवास. त्या दिवशी संध्याकाळी सहाला तिने चंदी, म्हणजे रोजचा दाणा, खायचं सोडलं. सातला सईसाने (घोडी सांभाळणाऱ्या माणसाने) फोन केला, बाई म्हणाल्या, "थोडं फिरवून बघ." नऊला डॉक्टर आले, वेदनाशामक दिलं, पाऊण तासात घोडी पुन्हा लोळायला लागली, आणि रात्री अडीचला इंजेक्शन देऊन तिला दुखण्यातून कायमचं सोडवावं लागलं. चरबीच्या गाठीचा आतड्याला फास बसला, असं डॉक्टरांनी सांगितलं. सकाळी पालिकेची गाडी येऊन तिला घेऊन गेली. आता बाई पहाटे साडेपाचला उठून बसतात. ऑफिसात "घोडीच तर होती" असं ऐकून घेतात. सईस नजर चुकवतो. शेजारच्या ठाणातला (घोडा बांधायच्या जागेतला) घोडा नीट खात नाही, आठ वर्षांचा मुलगा "ती कुठे गेली?" विचारतो, आणि रिकाम्या ठाणाचं काय करायचं म्हणून तबेल्याचे मालक मागे लागलेत. पण मुख्य प्रश्न एकच आहे: सातलाच डॉक्टर बोलावले असते तर ती वाचली असती का?

आधी या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण ते मिळाल्याशिवाय बाकीचं काही तुमच्या कानात शिरणार नाही.

घोड्याचं लहान आतडं सुमारे ७० फूट लांब असतं आणि एका पातळ पडद्याला लोंबकळत असतं. वय वाढलं की त्या पडद्यात चरबीच्या गाठी तयार होतात. त्या साध्या गाठी असतात, कॅन्सर नव्हे. वर्षानुवर्षं त्या काही त्रास देत नाहीत. पण एखादी गाठ जड झाली की पडद्याला ओढत खाली उतरते आणि तिला देठ फुटल्यासारखा होतो. एखाद्या दिवशी तो देठ आतड्याच्या वेटोळ्याभोवती फिरतो आणि दोरीची गाठ बसावी तसा आवळतो. त्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो. पंधरा-सोळा वर्षांच्या पुढच्या घोड्यांत जीवघेण्या पोटशुळाचं हे एक नेहमीचं कारण आहे. बाहेरून ते कळत नाही. चारा, पाणी, व्यायाम, जंताचं औषध, यांतलं काहीही बदललं असतं तरी ती गाठ टळली नसती.

हा फास औषधाने सुटत नाही. फिरवून सुटत नाही, तेल पाजून सुटत नाही, सलाईनने सुटत नाही. पोट उघडून देठ कापावा लागतो आणि काळं पडलेलं आतडं काढून टाकावं लागतं. त्यासाठी साडेचारशे किलोचं जनावर उताणं ठेवता येईल असं टेबल, ते उचलणारी क्रेन, घोड्यांना भूल देण्याचा अनुभव असलेला डॉक्टर आणि नंतर कित्येक दिवस रात्रंदिवस देखरेख, एवढं सगळं काही तासांच्या आत जुळून यावं लागतं. लवकर शस्त्रक्रिया झाल्यावर वाचलेले घोडे आहेत आणि नुसतं वय जास्त म्हणून नकार देतात असंही नाही, हे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. पण तुमचा प्रश्न शस्त्रक्रियेचा नाही, फोनचा आहे. सातला डॉक्टर आले असते तर नऊला दिलेलं इंजेक्शन सातला दिलं गेलं असतं. देठ तसाच आवळलेला राहिला असता.

यावर माझ्या शब्दावर विसंबू नका. डॉक्टरांकडून त्या रात्रीची नोंद मागून घ्या आणि चार गोष्टी बघा. पहिली, नाडी. स्वस्थ घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ वेळा पडतात. ६० च्या वर गेलं की काळजी, आणि ८० च्या वर टिकून राहिलं की आत काहीतरी मरत चाललंय असं धरतात. दुसरी, हिरड्या. हिरडीवर बोट दाबून सोडलं की पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. विटेसारखा लाल किंवा जांभळट रंग आणि तीन-चार सेकंदांचा उशीर म्हणजे रक्तात विष भिनायला लागलंय. तिसरी, नाकातून पोटात नळी घातल्यावर उलटं आलेलं पाणी. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे लहान आतडं बंद झालं की सगळं पोटात साचतं. दोन लिटरपर्यंत आलं तर चालतं, पण पाच-दहा लिटर आलं असेल तर पुढचा रस्ता बंद होता. चौथी, आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात बोलकी, वेदनाशामकाचा परिणाम किती टिकला ती वेळ. एवढ्या वजनाच्या घोडीला फ्लुनिक्सिन या वेदनाशामकाची १० मिलीची मात्रा साध्या पोटशुळात आठ-दहा तास तरी आराम देते. तुमची घोडी पाऊण तासात पुन्हा खाली बसली. फास आधीच बसला होता, हे ती पाऊण तासांची वेळच सांगते.

हा कागद मिळाला की फाइलमध्ये ठेवा. रात्री तोच विचार पुन्हा सुरू झाला तर मनाशी वाद घालत बसू नका, दिवा लावून तो वाचा.

पुढच्यासाठी मात्र एक नियम पक्का करा. म्हाताऱ्या घोड्याने चंदी सोडली आणि पोटाकडे वळून बघितलं, ओठ वर मुरडला किंवा पाय आपटला, तर डॉक्टरांना लगेच फोन करायचा. "थांबून बघू" हे तरण्या घोड्यालाही नको, आणि वय झालेली घोडी दुखणं दाबून धरते, त्यामुळे तिच्या बाबतीत तर नकोच. हे तुमच्यावर दोष म्हणून सांगत नाही. पोटशुळाचे दुसरे प्रकार असतात, चारा अडकून बसतो, त्यात दोन तासांनी खरोखर फरक पडतो.

आता रात्री अडीचचं बघू. इंजेक्शनने सोडवलेल्या घोड्याचा शेवट पाहिलेली माणसं जवळजवळ नेहमी तीन गोष्टींनी पछाडलेली असतात: ती धाडकन कोसळली, नंतर तिने मोठा श्वास घेतला, आणि डोळे उघडेच राहिले. तिन्हींचा अर्थ नीट समजून घ्या. आधी गुंगीचं औषध देतात, मग मानेच्या शिरेतून भुलीच्या औषधाची मारक मात्रा. मेंदू आधी बंद होतो, पाय मागाहून सुटतात, म्हणून ती पडताना दिसते. पडण्याचं तिला कळलेलं नसतं. नंतरचा एखाद-दुसरा खोल श्वास आणि कातडीची थरथर ही मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्राची शेवटची हालचाल असते. ती काही मिनिटं चालू राहू शकते, आणि त्यात वेदना नसते. डोळे मिटायला स्नायू ओढावा लागतो, तो ओढणारंच कोणी उरलेलं नसतं, म्हणून ते उघडे राहतात. डॉक्टरांनी बोटाने बुबुळाला स्पर्श केला असेल आणि बराच वेळ छातीला स्टेथोस्कोप लावून बसले असतील. ते खात्री करत होते. हे कोणी आधी सांगितलं असतं तर ते दृश्य तुमच्या अंगावर इतकं आलं नसतं. आधी सांगणं हे डॉक्टरांचं काम आहे, आणि रात्रीच्या धावपळीत ते पुष्कळदा राहून जातं.

दोन उलटे अपराधीपण एकाच वेळी येतात, त्याचंही नवल करू नका. सकाळी वाटतं, उशीर केला, उगाच साडेपाच तास दुखणं सोसायला लावलं. संध्याकाळी वाटतं, घाई केली, पहाटेपर्यंत थांबायला हवं होतं. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. औषध दिलं, परिणाम बघितला, तो टिकला नाही, निर्णय घेतला. डॉक्टर शिकवतात तो क्रम हाच आहे.

पालिकेच्या गाडीचं दृश्य सगळ्यात कठीण जातं. एवढं मोठं शरीर उचलायचं तर पायांना दोर बांधून किंवा पट्टा घालून ओढावंच लागतं, त्यात मान लटकते, आणि बघणाऱ्याला ती विटंबना वाटते. पण मुंबईच्या दमट हवेत काही तासांत पोट फुगायला लागतं आणि दोन-चार तासांत पाय ताठरायला लागतात, त्यामुळे थांबणं अशक्य असतं. शहरात पुरायला जागा मिळत नाही. पुरायचं म्हटलं तर अडीच-तीन मीटर खोल आणि साधारण नऊ बाय सात फुटांचा खड्डा जेसीबीने खणावा लागतो, विहिरीपासून लांब. पावसाळ्यात तर खणता खणताच त्यात पाणी भरतं. शिवाय इंजेक्शनचं औषध शरीरात पुष्कळ काळ टिकून राहतं. असं शरीर उघड्यावर पडलं तर कुत्री आणि घारी मरतात. म्हणून तुमची घोडी गाडीतून गेली यात तिच्याबद्दलचा अनादर नव्हता. दुसरा मार्ग तुमच्या हातात नव्हता.

ज्यांची घोडी अजून आहे आणि पंचविशी ओलांडली आहे, त्यांनी हा भाग आत्ताच उरकून ठेवावा. मेलेलं जनावर उचलण्याची व्यवस्था पालिकेच्या घनकचरा विभागाकडे असते. वॉर्ड ऑफिसचा नंबर आणि १९१६ हा पालिकेचा मदत क्रमांक तबेल्याच्या भिंतीवर लिहून ठेवा. इंजेक्शन देऊन मरण आलंय हे उचलायला येणाऱ्यांना आवर्जून सांगा. घोडी चालू शकत असेल तर शेवटचं इंजेक्शन ठाणात देऊ नका, बाहेर मोकळ्या मऊ जमिनीवर आणा, जिथपर्यंत ट्रक मागे घेता येईल. चार फुटांच्या दारातून ताठलेलं शरीर बाहेर काढताना जे होतं ते कोणी बघू नये. गाडी भरताना मालकाने तिथे थांबायची गरज नाही. निरोप आधी घ्यावा, मग पाठ फिरवून चहाला जावं, आणि विश्वासातल्या एका माणसाने मागे थांबावं. नाकातोंडातून न गोठणारं काळसर रक्त आलं असेल किंवा मरण अचानक आणि विनाकारण असेल तर शरीराला हात लावू नका आणि ते उघडूही देऊ नका. फाशी रोगाची (अँथ्रॅक्सची) शंका दूर होईपर्यंत थांबा.

आता पहाटे साडेपाचचं. तुमच्याकडे बघणारे म्हणतील की दुःखाच्या पाच पायऱ्या असतात, तुम्ही तिसऱ्या पायरीवर आहात. त्या पायऱ्या मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांविषयी मांडल्या होत्या. मागे राहिलेल्या माणसाचं वेळापत्रक म्हणून त्यांचा उपयोग नाही. घोड्याच्या बाबतीत तर दुःख डोक्यात कमी आणि हातापायांत जास्त असतं. कुत्रा घरात असतो, घोड्याकडे जावं लागतं. १९ वर्षं तुम्ही ठरलेल्या वेळी उठलात, ठरलेल्या रस्त्याने गेलात, खरारा केलात, खूर साफ केलेत, जीन उचललीत, तासभर घोड्यावर बसलात. रोजची एवढी मेहनत अंगाला लागलेली होती, ती एका रात्रीत थांबली. झोप मोडते, भूक मरते, खांदे दुखतात, त्यातलं निम्मं कारण हेच आहे.

म्हणून वेळ सोडू नका, जागा थोडी बदला. आठवड्यातून दोनदा तबेल्यात जा आणि तिथे एकच ठरवलेलं काम करा, दुसऱ्या घोड्याचा खरारा म्हणा. मानेपासून सुरुवात, रबरी खरारा गोल फिरवत, मग लव असेल त्या दिशेने ब्रश, वीस मिनिटं. काम झालं की निघा. उरलेल्या दिवशी त्याच वेळी चाला, शिवाजी पार्कात चाललात तरी चालेल. माणसं दोन टोकांना जातात. काही जण रोज जाऊन रिकाम्या ठाणासमोर बसतात, काही जण सहा महिने तिकडे फिरकत नाहीत. दोन्हीमुळे जखम लांबते. कधी तिच्याजवळ, कधी तिच्यापासून लांब, असं हेलकावे घेतच मन सावरतं.

सईसाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण याच ठिकाणी सगळ्यात जास्त बिघडतं. तो तुमची नजर चुकवतोय, कारण त्याच्या डोक्यात दोन वाक्यं घोळतायत: "मी सहाऐवजी पाचला बघितलं असतं तर", आणि "आता माझ्या पगाराचं काय". तुम्ही तिच्याबरोबर दिवसाला दीड तास असायचात, तो दहा तास असायचा. तिची लीद बघून तिची तब्येत ओळखणारा तोच होता. आणि मरणानंतरच्या पहिल्या तासात कोणीतरी त्याला "लवकर का नाही सांगितलंस?" असं म्हटलेलं असतं, बहुतेक वेळा मालकानेच. तुम्ही म्हटलं असेल तर ते वाक्य परत घ्या, स्पष्ट शब्दांत: "डॉक्टरांनी सांगितलंय, पाचला कळलं असतं तरी हेच झालं असतं. तू वेळेवर फोन केलास." आधी पगाराचं सांगा, मग दुःखाचं बोला. किती महिने चालू ठेवणार आहात, किंवा दुसऱ्या कोणाच्या घोड्यावर त्याला लावून देणार आहात का, हे आकड्यासकट सांगा. पोटाची चिंता मिटल्याशिवाय माणूस रडू शकत नाही. मग विचारा, तिची कोणती वस्तू तुला हवी आहे? पुष्कळदा तो खरारा मागतो. द्या.

ज्यांचं पोटच घोड्यावर आहे त्यांच्या बाबतीत हेच सगळं दुप्पट असतं. माथेरानला मोटारींना बंदी असल्याने घोडा हेच तिथल्या कित्येक घरांचं उत्पन्न आहे. जुहूच्या चौपाटीवर किंवा लग्नाच्या वरातीत घोडी चालवणाऱ्यांचंही तसंच. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, तेव्हा मुंबईतल्या कित्येक घोडेवाल्यांचं जनावर आणि धंदा बरोबरच सुटले. कर्ज काढून घेतलेलं जनावर मेलं म्हणून घरात हिशोबाची भाषा ऐकू येते, त्यावरून त्यांना दुःख नाही असं समजू नये.

शेजारच्या घोड्याचं काम आजच करा. त्याला तिचं शरीर हुंगायला मिळालं होतं का? ज्या घोड्यांना अर्धा तास शरीराजवळ उभं राहू देतात ते बहुतेक लवकर शांत होतात. ज्यांची सोबतीण नुसती नाहीशी होते ते खिंकाळत, दाराशी येरझाऱ्या घालत शोधत राहतात. ती वेळ आता गेली, पण त्याला एकटं ठेवू नका. दुसऱ्या घोड्याला दिसेल, नाक लावता येईल अशा ठाणात हलवा. रोज तीन गोष्टी मोजा: लीद किती वेळा (आठ ते बारा वेळा ठीक, पाचच्या खाली आली तर कळवा), पाणी किती बादल्या (२५ ते ४० लिटर), आणि गवत किती उरलं. चंदी वाढवून लाड करू नका. रिकाम्या पोटावर दाणा वाढवला की नवा पोटशूळ ओढवून घ्याल. आधी गवत, ओलं करून, थोडं थोडं. तो तट्टू असेल किंवा सोबतीला गाढव असेल तर जास्त सावध राहा. ती खायची थांबली की अंगातली चरबी रक्तात उतरते आणि यकृत बिघडतं. चोवीस तास काही खाल्लं नाही तर वाट बघू नका. मोठ्या घोड्याचं उदास राहणं सहसा काही दिवस ते दोन-तीन आठवड्यांत कमी होतं. तुमचा तिसरा आठवडा संपत आलाय, म्हणून एकदा दात आणि पोट तपासून घ्या. सगळंच दुःखाच्या खात्यावर टाकू नका.

मुलाला "झोपली" सांगू नका. "झोपवलं" तर मुळीच नको. आठ वर्षांचं मूल त्यानंतर स्वतः झोपायला घाबरतं, आणि पुढे कधी भूल द्यायची वेळ आली तर आणखी घाबरतं. "देवाघरी गेली" म्हणायचं असेल तर म्हणा, पण आधी सरळ सांगा: "ती मेली. तिच्या पोटात गाठ बसली होती, ती औषधाने सुटत नव्हती, तिला फार दुखत होतं. डॉक्टरांनी एक वेगळं औषध दिलं, त्याने तिचं हृदय थांबलं आणि दुखणं थांबलं. आपल्याला ताप आल्यावर देतात ते औषध वेगळं." तो तेच पुन्हा पुन्हा विचारेल, तुम्ही दर वेळी त्याच शब्दांत उत्तर द्या. शरीर कुठे नेलं हेही विचारेल. पालिकेच्या गाडीने नेलं, एवढं खरं पुरतं. तुम्ही रडताना त्याने बघितलं तर बिघडत नाही.

ऑफिसातल्या "घोडीच तर होती"चं उत्तर देत बसू नका. ज्या दुःखाला आजूबाजूचे दुःख मानत नाहीत त्याला मानसशास्त्रात वेगळं नाव आहे. केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये ते मांडलं, आणि ते दुःख जास्त दिवस रेंगाळतं याचं कारणही तेच: रडायला रजा नाही, भेटायला येणारं कोणी नाही, दहावा-तेरावा नाही. वरिष्ठांना मात्र एक वाक्य सांगून ठेवा: "१९ वर्षांचं घरचं जनावर गेलं, महिनाभर लक्ष थोडं कमी राहील." आणि मराठी माणसाने घोड्यासाठी रडणं यात विचित्र काय आहे? आपल्याकडे खंडोबा घोड्यावर बसून येतो, दसऱ्याला घोड्याची पूजा होते, आणि वारीच्या रिंगणात माउलींचा अश्व धावून गेला की लाखो माणसं त्याच्या टापांखालची माती उचलून कपाळाला लावतात.

विधी हवा असेल तर स्वतःचा करा. दिवस ठरवा, तिच्या रोजच्या चंदीएवढा दाणा आणि गवताच्या दोन पेंढ्या तबेल्यातल्या इतर घोड्यांना घाला, सईसाला आणि मुलाला बरोबर घ्या. परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात, जे १८८३ पासून जनावरांसाठी चालतंय, चाऱ्यासाठी देणगी देता येते. आधी फोन करून काय लागतंय ते विचारा.

वस्तूंचं सांगतो, कारण मुंबईची हवा वाट बघत नाही. जीन आणि लगाम खुंटीवर तसेच राहिले तर पावसाळ्यात आठवड्याभरात हिरवी बुरशी धरते, आणि ती बघून पुन्हा अपराधी वाटतं. बाहेर नेऊन कोरड्या फडक्याने बुरशी पुसा, जीनच्या साबणाने ओलसर स्पंजने साफ करा, सावलीत वाळवा, मग पातळ हाताने तेल द्या. विकायचं की ठेवायचं ते सहा महिने ठरवू नका. मोहरकी (तोंडाला बांधायचा पट्टा) धुऊ नका. घोडीचा वास तिच्यातच आहे. पूर्ण कोरडी करून कागदात गुंडाळा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. शेपटीचे केस ठेवले असतील आणि प्लास्टिकच्या पिशवीत असतील तर आजच बाहेर काढा. पेन्सिलीएवढी जाड बट दोन ठिकाणी दोऱ्याने घट्ट बांधून, कोमट पाण्यात शॅम्पूने धुऊन, सपाट पसरून दोन दिवस सावलीत वाळवायची, मग कागदात ठेवायची. ओली पिशवीत राहिली की कुजते. नाल गंजला असेल तर तारेच्या ब्रशने घासून रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा, सकाळी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, लगेच पुसून गोडेतेलाचा हात फिरवा.

तीन आठवड्यांत रडू येणं, स्वप्नं पडणं, तबेल्याच्या रस्त्याला वळावंसं वाटणं, हे सगळं होणारच. पण दोन आठवडे सलग झोप-जेवण बंद असेल, कामाला हात लागत नसेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदत क्रमांकावर, १४४१६ वर, फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं. परळच्या केईएम रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. तिथे "घोडीसाठी आलेय" असं सांगायला लाजू नका.

दुसरा घोडा आत्ता नको. शेजारच्या घोड्याला सोबत हवी असेल तर तबेल्यातलाच कोणीतरी हलवा, त्यासाठी विकत घेऊ नका. घाईत घेतलेल्या घोड्याची रोज तिच्याशी तुलना होते आणि तो त्यात हरतो. बसायची सवय सोडवत नसेल तर कोणाच्या तरी घोड्यावर आठवड्यातून एक-दोन दिवस पैसे देऊन बसा. ज्या दिवशी नव्या घोड्याच्या खोड्या त्याच्याच म्हणून बघता येतील, तिच्यापेक्षा बऱ्या किंवा वाईट म्हणून नाही, त्या दिवशी विचार करा.

ठाण अडवून ठेवू नका, पण मालकांकडून एक महिना मागून घ्या. बहुतेक जण देतात. ठाण सोडायच्या दिवशी दारावरची तिच्या नावाची पाटी दुसऱ्या कोणाला काढू देऊ नका, तुम्ही आणि सईस मिळून काढा. समुद्राच्या हवेने स्क्रू गंजलेले असतील, जोर लावला तर डोकी तुटतात आणि पाटी तडकते. आदल्या संध्याकाळी चारही स्क्रूंवर थोडं तेल सोडून ठेवा.